ब्रुनरोडाची सात मुलं

नोंदपोथीला हात लावण्याआधी प्राध्यापक ओस्टरकांप यांनी हात धुतले नाहीत, आणि गुडरुन वीगलेबच्या डोक्यात पहिली तिडीक तिथंच गेली.

"साहेब, बेसिन तिकडं कोपऱ्यात आहे," ती म्हणाली.

"स्वच्छच आहेत हो माझे हात," ते हसले आणि सहाशे वर्षांपूर्वीची चामड्याची पानं भराभर उलटू लागले.

१९९४ चा एप्रिल होता. ब्रुनरोडाच्या नगर-दप्तरखान्यात गुडरुन एकोणतीस वर्षं कामाला होती, मधली अडीच वर्षं सोडली तर. ही पोथी म्हणजे जुन्या विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांचा पट. १३९१ साली गावातल्या निळीच्या व्यापाऱ्यांनी आणि विणकरांनी हट्टानं विद्यापीठ काढलं, तेव्हापासून १८१६ साली प्रशियाच्या राजानं एका हुकमासरशी ते बंद करेपर्यंत जो जो विद्यार्थी आला, त्याचं नाव या पोथीत होतं. आता तेच विद्यापीठ पुन्हा उघडणार होतं. त्यासाठी ओस्टरकांप पश्चिमेकडून, ऱ्हाइनकाठच्या गावाहून आले होते. ते पहिले कुलगुरू.

"समारंभात ही मिरवत आणायची. मखमली उशीवर," ते म्हणाले. "एखादी तरुण मुलगी घेऊन आली तर छान दिसेल. फोटोलाही बरं."

"पोथी मी आणणार."

"अहो वीगलेबबाई, तुम्ही कशाला दगदग करता?"

"अकरा किलोची आहे. शिवण उसवलेली आहे. कशी धरायची ते मला ठाऊक आहे."

त्यांनी खांदे उडवले. निघताना दारात थांबले आणि अगदी मनापासून म्हणाले, "खरं सांगू? एवढा ठेवा तुमच्या लोकांकडं पडून होता आणि इतकी वर्षं कुणाला त्याचं काहीच वाटलं नाही, याचं मला फार नवल वाटतं."

दार बंद झालं. गुडरुन टेबलाची कड धरून उभी राहिली. पडून होता म्हणे! कुणाला काही वाटलं नाही म्हणे! तिनं पोथी मिटली, कापडात गुंडाळली, कपाटात ठेवून कुलूप घातलं.

काही वाटलं नाही, असं कसं? १९८७ च्या वसंतात दंतवैद्य एंगेलहार्ट यांच्या दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत अकरा माणसं दर गुरुवारी संध्याकाळी जमत होती. कुणी हटकलं तर दाढ दुखतेय असं सांगायचं ठरलं होतं. डॉक्टर गमतीनं म्हणायचे, "आणि कुणी खोटं बोलतोय असं वाटलं तर मी दाढ काढून दाखवीन." चार वर्षांनी विद्यापीठाला सहाशे वर्षं पूर्ण होणार होती. तोवर ते पुन्हा सुरू करावं, एवढाच अर्ज त्यांना सरकारकडं करायचा होता. त्यात सरकारविरुद्ध एक अक्षर नव्हतं. मजकूर गुडरुननं लिहिला, कारण गावाचा इतिहास तिच्याइतका कुणालाच पाठ नव्हता. पाच आठवड्यांत तीनशे चाळीस सह्या झाल्या. त्या काळात, त्या साम्यवादी राजवटीत! लोक सही करताना खिडकीकडं बघत, पण करत.

जूनमध्ये तिला जिल्हा शिक्षण कार्यालयात बोलावणं आलं. कॉम्रेड ट्राउटफेटर तिथले प्रमुख होते. गोरेगोमटे, मऊ बोलणारे. त्यांनी स्वतःच्या हातानं कॉफी ओतली. खरी कॉफी, दुकानात मिळायची तसली नव्हे.

"तुमची अंत्ये गणितात जिल्ह्यात पहिली आली ना? हुशार आहे हो पोर. वरच्या शाळेत जाईल, पुढं विद्यापीठात जाईल."

"तिची तीच इच्छा आहे."

"मग झालं तर. तुम्ही एक ओळ लिहून द्या. 'गैरसमजातून सही केली, ती मागं घेते.' सप्टेंबरात पोरगी वरच्या शाळेत. नाहीतर कसं आहे, जागा थोड्या असतात. साखर किती घालू?"

गुडरुन घरी आली तेव्हा सोळा वर्षांची अंत्ये स्वयंपाकघराच्या टेबलावर कसलं तरी त्रिकोणाचं गणित सोडवत होती. केसांत पेन्सिल खोचलेली, दुसरी पेन्सिल हातात. "आई, बघ ना, याला दोन उत्तरं आहेत," ती म्हणाली. गुडरुन म्हणाली, "हो का?" आणि बटाटे सोलायला बसली. तिनं मुलीला काही सांगितलं नाही. नवरा आठ वर्षांपूर्वीच गेला होता, त्यामुळं विचारायला घरात दुसरं कुणी नव्हतं. चौथ्या दिवशी तिनं नकार कळवून टाकला.

नंतरच्या वर्षांत लोकांना ती सांगायची की एकानं सही मागं घेतली असती तर सगळ्यांनीच घेतली असती. ते खरंच होतं. पण स्वतःशी ती जास्त खरं बोलायची. त्या माणसानं माझ्या पोरीच्या आयुष्याबद्दल आणि साखरेबद्दल एकाच सुरात विचारलं, त्याचा मला राग आला होता, आणि त्या रागात मी नाही म्हटलं.

ऑगस्टमध्ये अंत्येला एका ओळीचं पत्र आलं, जागा शिल्लक नाही. सप्टेंबरपासून ती कोटांच्या कारखान्यात कॉलर शिवायला लागली. गुडरुनला दप्तरखान्यातून उचलून इस्पितळाच्या धोबीखान्यात टाकलं. अकरा जणांच्या मिळून सात मुलांची शाळा तशीच तुटली. एंगेलहार्टांचा येन्स बस चालवू लागला.

मग भिंत पडली, सरकार गेलं, देश एक झाला. गुडरुन दप्तरखान्यात परतली. कोटांचा कारखाना बंद पडला आणि अंत्ये बाजारपेठेत एका कपडे दुरुस्तीच्या दुकानात बाह्या आखूड करू लागली. १९९२ साली जुन्या सरकारनं माणसांवर ठेवलेल्या फाइली वाचायची सोय झाली, तेव्हा तिनं स्वतःची फाइल मागवली. रविवारची दुपार होती. गुडरुन किसलेले कच्चे बटाटे कापडात घालून पिळत होती, गोळे करायचे होते. अंत्येनं कागदाची नक्कल तिच्यासमोर ओल्या ओट्यावर ठेवली.

"वाच."

कागदावर लिहिलं होतं, 'आईला पर्याय देण्यात आला. आईने नकार दिला.'

"तुला विचारलं होतं?"

"हो."

"आणि तू मला विचारलं नाहीस?"

गुडरुनच्या हातातून बटाट्याचं पांढरं पाणी कागदावर ठिबकत होतं. "नाही," ती म्हणाली.

"मी तुला साथच दिली असती गं!" अंत्ये ओरडली. "तू विचारलं असतंस तर मी म्हटलं असतं, आई, नको मागं घेऊस सही. मी सोळा वर्षांची होते, मूर्ख होते, मला तुझा अभिमान होता. मीच तुला नको म्हटलं असतं! पण ते ठरवणं माझं माझं झालं असतं. तू तेही मला मिळू दिलं नाहीस."

आठवड्याच्या आत ती दुकानावरच्या खोलीत राहायला गेली. त्यानंतर मायलेकींत कामापुरतं बोलणं राहिलं.

ओस्टरकांप पोथी चाळून गेले त्याच आठवड्यात गुडरुनच्या टपालपेटीत विद्यापीठाच्या शिक्क्याचं पाकीट आलं. नाव अंत्येचं, पत्ता जुना. अंत्येनं कुणाला न सांगता गणितासाठी अर्ज केला होता. गुडरुन पाकीट हातात धरून जिन्यात पाच मिनिटं उभी राहिली आणि मग तिनं ते फोडलं. आत दोन वाक्यं. 'शालान्त प्रमाणपत्र जोडलेले नाही. अर्ज विचारात घेता येत नाही.'

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कुलगुरूंच्या कचेरीत होती.

"मला सहानुभूती आहे, वीगलेबबाई," ओस्टरकांप म्हणाले. "पण नियम सगळ्यांना सारखे."

"कुणाला सारखे? त्या सरकारनं या पोरांना शाळेत जाऊ दिलं नाही, आणि तुम्ही म्हणता शाळेत का गेला नाहीत! त्यांनी पाय बांधले आणि तुम्ही विचारताय पळत का नाही!"

"हे बघा, दर्जाचा प्रश्न असतो. लोक आधीच म्हणतात पूर्वेकडचं विद्यापीठ म्हणजे..."

"चारशे पंचवीस वर्षं या विद्यापीठानं कुणाकडं प्रमाणपत्र मागितलं नाही. नाव, गाव आणि शपथ. पोथीत लिहिलंय. बघा एकदा, हात धुऊन बघा."

ओस्टरकांप लाल झाले. "ते मध्ययुग होतं."

"आणि हे काय आहे?" गुडरुन म्हणाली आणि उठली.

पत्र तिनं दुकानात नेऊन दिलं. अंत्ये तोंडात टाचण्या धरून गुडघ्यावर बसली होती. समोर शिंप्याच्या पुतळ्याच्या अंगावर काळा झगा होता. समारंभासाठी प्राध्यापकांचे सगळे झगे याच दुकानात बेतायला आले होते. तिनं पाकीट उलटसुलट पाहिलं, टाचण्या काढल्या.

"तू फोडलंस."

"हो."

"हो ना, फोडणारच तू." तिनं दोन वाक्यं वाचली, घडी केली, एप्रनच्या खिशात घातली. चेहऱ्यावर काही दिसलं नाही, पण कानाच्या पाळ्या लालबुंद झाल्या.

"मी बघते काय करायचं ते. मी काल कुलगुरूंना..."

"तू काही बघू नकोस! ऐकलंस आई? यात पडू नकोस. माझं नाव कुठं घेऊ नकोस. एकदा तरी."

गुडरुननं हो म्हटलं नाही आणि नाही पण म्हटलं नाही.

मेच्या शेवटच्या शनिवारी जुन्या महाविद्यालयाच्या नव्यानं बांधलेल्या सभागृहात चारशे माणसं बसली होती. युद्धात छप्पर उडालेलं, नंतर चाळीस वर्षं तिथं बटाट्याची पोती रचलेली. आता भिंतींना ताज्या चुन्याचा वास येत होता. पहिल्या रांगेत मंत्री, महापौर आणि बाहेरगावचे प्राध्यापक होते. त्या अकरा जणांना खुर्च्या मिळाल्या होत्या नवव्या रांगेत, खांबाच्या मागं. आणि दुसऱ्या रांगेत, विद्यापीठ साहाय्य मंडळाचा बिल्ला लावून, ट्राउटफेटर बसले होते. आता ते विमा विकत होते. केस पांढरे झाले होते, बाकी होते तसेच गोरेगोमटे.

ओस्टरकांप बोलायला उभे राहिले. चांगलं बोलत होते, पण सातव्या-आठव्या मिनिटाला म्हणाले, "हे शहर एकशे अठ्ठ्याहत्तर वर्षं झोपलं होतं. आज आम्ही त्याला जागं करतो आहोत."

"मग मी इतकी वर्षं झोपेतल्या माणसांचे दात काढत होतो वाटतं," एंगेलहार्ट पुटपुटले. येन्स बसच्या गणवेशातच आला होता, तो फिसकन हसला. गुडरुनला हसू आलं नाही.

मग बिगुल वाजले आणि ती पोथी छातीशी धरून मधल्या वाटेनं निघाली. ठरलं होतं ते असं: पोथी उशीवर ठेवायची, मान लववायची, परत फिरायचं. तिनं पोथी ठेवली आणि ती उघडली. ध्वनिक्षेपक समोरच होता.

"१३९१. योहान, विणकराचा मुलगा, ब्रुनरोडाचा," तिनं वाचलं. "याच्याकडं कुठलंही प्रमाणपत्र नव्हतं. याला आत घेतलं."

लोकांना वाटलं हा कार्यक्रमाचाच भाग आहे. काहींनी कौतुकानं माना डोलावल्या.

"हे शहर झोपलं नव्हतं, कुलगुरूसाहेब. सात वर्षांपूर्वी या गावातल्या तीनशे चाळीस माणसांनी हे विद्यापीठ मागितलं. तो अर्ज काढणारी माणसं आज खांबाच्या मागं बसली आहेत. त्यांच्या मुलांना त्याबद्दल शाळेतून काढलं. आता त्यांच्याकडं प्रमाणपत्र नाही म्हणून तुम्ही त्यांना बाहेर ठेवता. मी नावं वाचते. येन्स एंगेलहार्ट. बस चालवतो."

तिनं एकेक नाव घेतलं आणि प्रत्येकाचं आजचं काम सांगितलं. सहा नावं झाली. सातव्यापाशी ती थांबली. सभागृहाच्या पार मागं, दाराजवळ, एका प्राध्यापकाच्या झग्याची उसवलेली बाही टाचायला आलेली अंत्ये उभी होती. ती मान हलवत होती. नाही. नाही.

"अंत्ये वीगलेब," गुडरुन म्हणाली. "बाह्या आखूड करते. हिच्या शाळेचा निकाल ज्यांनी लावला ते दुसऱ्या रांगेत बसले आहेत, बिल्ला लावून. उठा ना, ट्राउटफेटर! कॉफी छान होती तुमची."

कुणीतरी ध्वनिक्षेपक बंद केला. ती मोठ्यानं बोलू लागली. "त्यांनी मला निवड करायला सांगितलं, आणि मी केली. मुलीला न विचारता केली. तो दोष माझा आहे, तो मी कुणावर ढकलत नाही. पण उरलेला तुमचा आहे!"

एंगेलहार्टांनी समोरच्या खुर्चीच्या पाठीवर मूठ आपटून दाद दिली, मग येन्सनं, मग मागच्या रांगांतून बऱ्याच जणांनी. पुढच्या रांगा गप्प होत्या. ट्राउटफेटर कार्यक्रमपत्रिका वाचत होते. गुडरुननं मागं पाहिलं तेव्हा दारापाशी कुणी नव्हतं.

महापौरांनी तिला लेखी समज दिली. वर्तमानपत्रात आठवडाभर उलटसुलट पत्रं छापून आली. एका गृहस्थांनी लिहिलं की बाईंना सभेचे शिष्टाचार माहीत नाहीत. पण ओस्टरकांप पोथी वाचायला आले. दोन दुपारी दप्तरखान्यात बसले. जुलैमध्ये विद्यापीठाच्या मंडळानं ठराव केला: राजकीय कारणानं ज्यांची शाळा तोडली त्यांना प्रमाणपत्राशिवाय प्रवेशपरीक्षा देता येईल. सात पत्रं निघाली. या वेळी अंत्येचं पत्र बरोबर दुकानाच्या पत्त्यावर गेलं.

गुडरुन धावतच तिकडं गेली. अंत्ये शिवणयंत्रावर होती, तिनं पाय थांबवला नाही.

"आलं ना पत्र?"

"आलं."

"मग?"

"मग काही नाही. मी जाणार नाही."

"अगं, दार उघडलंय आता! भांडून उघडलंय!"

यंत्र थांबलं. "तू भांडलीस. मी तुला काय सांगितलं होतं? माझं नाव कुठं घेऊ नकोस. तिथं चारशे माणसं होती. मी मान हलवत होते, तू बघत होतीस. माझ्याकडं बघून, माझ्या डोळ्यांत बघून तू नाव घेतलंस! आता मी त्या वर्गात बसले की सगळे म्हणणार, ही ती. वीगलेबबाईंची पोरगी. बाह्या आखूड करणारी."

"मग काय गप्प बसायचं होतं मी? त्या माणसासमोर?"

"त्या माणसाचं तू आणि तो बघा. तुमचं दोघांचं छान जमतं. त्यानंही मला विचारलं नव्हतं."

गुडरुनला असा राग आला की तिनं काउंटरवरची बटणांची बरणी उचलली. आपटायची की काय करायची हे तिला कळेना. मग तिनं ती तशीच परत ठेवली आणि बाहेर पडली. बाजार ओलांडताना तिच्या लक्षात आलं की या रागाला आता जायला जागा उरली नाही. मुलगी बरोबर बोलली होती. ट्राउटफेटरची गोष्ट तर आणखीच वाईट. त्याला काहीसुद्धा झालं नाही. साहाय्य मंडळावरचं पद गेलं नाही, विमाही विकत राहिला. एका शनिवारी पावाच्या दुकानात रांगेत तो तिच्या मागंच उभा होता.

"नमस्कार वीगलेबबाई," तो मऊ आवाजात म्हणाला. "त्या दिवशी बोललात मात्र छान हं."

ती पाव न घेताच घरी आली.

सप्टेंबरात परीक्षा झाली. सातांपैकी पाच जण आले. गुडरुन सकाळपासून महाविद्यालयाच्या पायऱ्यांवर उभी होती, हातात पिशवी धरून, जणू कुणाची वाट बघतेय. दुपारी येन्स बाहेर आला, गणवेशाच्या शर्टला काखेत घाम.

"काय विचारलं रे?"

"शेवटचा प्रश्न भयंकर होता, मावशी. आकडेमोड नव्हे, सिद्ध करायचं होतं. अंत्येनं तीन मिनिटांत केलं असतं." मग त्यानं जीभ चावली. "माफ करा हं."

"माफ कशाला करू? खरंच आहे ते."

येन्स पास झाला, आणखी दोघं झाले. त्याच महिन्यात अंत्येनं पश्चिमेकडं कासेलला जायचं ठरवलं. तिथं नोकरी करून संध्याकाळी शिकता येणारी शाळा होती, तीन वर्षांत प्रमाणपत्र मिळायचं. "मग कुठंही जाता येईल. जिथं मला कुणी ओळखत नाही तिथं," ती म्हणाली. शिवणयंत्र जिन्यावरून खाली आणायला तिनं आईला बोलावलं, कारण दुसरं कुणी मोकळं नव्हतं. दोघींनी ते लोखंडी धूड पायरीपायरीनं उतरवलं.

"तिकडून धर. तिकडून गं! बोट चिरडेल."

"धरलंय."

"तू नेहमी असंच म्हणतेस."

यंत्र गाडीत बसलं. अंत्येनं दार लावलं, आईकडं पाहिलं आणि गाडीत बसून निघून गेली.

नोव्हेंबरात एका रविवारी टेलिफोन वाजला. अंत्ये शाळेबद्दल सांगत होती. वर्गात सगळ्यांत मोठी तीच होती, शेजारी एक अठरा वर्षांचा पोरगा तिच्या वहीतलं उतरवून घेत होता. गणिताचे मास्तर चुकले आणि तिनं फळ्यावर जाऊन दुरुस्त केलं. गुडरुन हसली. मग म्हणाली, "बघ, इथं असतीस तर आत्ता विद्यापीठात..."

"आई!"

"नाही, मी फक्त म्हणत होते की..."

"तू फक्त म्हणू नकोस." आणि तिनं फोन आपटला.

गुडरुन रिसीव्हर हातात धरून बसली. गाल तापले होते. ओरडावंसं वाटत होतं, कुणावर ते नक्की कळत नव्हतं: पोरीवर, त्या मऊ आवाजाच्या माणसावर, की स्वतःच्या या जिभेवर. शेवटी तिनं रिसीव्हर ठेवला आणि उठून पोतंभर बटाट्यातले चार सोलायला घेतले, एकटीपुरते.

पुढच्या रविवारी त्याच वेळेला फोन पुन्हा वाजला.

"आई, ऐक. आज मध्ये बोलायचं नाही," अंत्ये म्हणाली. "मी सांगते, तू फक्त ऐकायचं."

"बरं," गुडरुन म्हणाली, आणि ओठ दाताखाली धरून बसली.